न विचारता पडलेलं वीस

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. सापशिडीतला नव्हे हं! त्या बिचाऱ्याला सहाच बाजू असतात. मला वीस आहेत, आणि त्या प्रत्येक बाजूचा मला भारी तोरा होता. आता मात्र तोंड लपवावंसं वाटतं.

एका कारखान्यात निळा रस साच्यात ओतून मला घडवलं. पुण्याला शिकणाऱ्या भूपेंद्रने मला एका दुकानातून उचललं. हा सारंगखेड्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा मुलगा. त्याच्या खोलीत मित्र जमायचे आणि गोष्टीचा खेळ रंगायचा. या खेळात एकजण सूत्रधार असतो. समोर काय आहे ते तो सांगतो आणि विचारतो, "तू काय करतोस?" खेळणारा उत्तर देतो. ते जमेल की नाही, याची शंका असली की मला टाकतात. वीस पडले म्हणजे फत्ते! तेव्हा माझं काय कौतुक व्हायचं म्हणून सांगू!

पुढे मित्र नोकऱ्यांना लागले. मी कंपासपेटीत खडूच्या तुकड्यांबरोबर पडून राहिलो. कुणी विचारीना. भूपेंद्र अक्कलकुव्याला गणिताचा क्लास घेऊ लागला आणि एका रविवारी त्याने मला पुन्हा बाहेर काढलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

खेळायला त्याची चुलतबहीण शीला होती आणि डोंगरातल्या पाड्यावरची, वसतिगृहात राहणारी रविना. रविना घरी पावरी बोली बोलायची. क्लासात मराठीत बोलताना तिची जीभ अडखळायची, म्हणून ती गप्पच बसायची. खेळातही सुरुवातीला शीला जे म्हणेल त्यावर "मी पण तेच" एवढंच म्हणायची. भूपेंद्र तिला सांगायचा, "ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही. निम्मी तुमची आहे." हळूहळू ती खुलली. खेळात तिने दिवली नावाच्या वाटाडीचं पात्र घेतलं. रानात कुठे पाणी मिळेल, कोणत्या झाडावर चढता येईल, ते दिवली सांगायची आणि शीला तोंडात बोट घालून ऐकायची. रविना वर्गातही हात वर करू लागली होती. मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळेच चाललंय.

मग होळीची सुट्टी झाली. त्यानंतरच्या रविवारी भूपेंद्रने नवा प्रसंग रचून आणला. तो होळी बघायला डोंगरात गेला होता आणि मोबाइलवर फोटो काढून आला होता. रंगात येऊन तो सांगू लागला, "रानात मोठी आग पेटलीय. भोवती माणसं खाणारे राक्षस नाचतायत. डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे. त्यांचा म्होरक्या दिवलीवर धावून आला!"

"मार त्याले! मार!" शीला ओरडली.

रविना नुसती भूपेंद्रच्या तोंडाकडे बघत राहिली. भूपेंद्रला वाटलं, पोर घाबरली. त्याने मला तिच्या हातात कोंबलं आणि बघत काय बसलीस म्हणून अहिराणीत दटावलं. "टाक ना वं, काय देखी ऱ्हायनी?"

तिने मूठ मिटली नाही. तिने मला टाकलं नाही, मी तिच्या हातून सुटलो. आणि मी मेला कसा पडलो, तर वीस!

"एका घावात मुंडकं!" भूपेंद्र टेबलावर हात आपटून म्हणाला. शीलाने टाळ्या पिटल्या. मीही ऐटीत चमकत होतो. छी!

"सर," रविना म्हणाली, "तो माझा बाप आहे."

भूपेंद्र हसला. मग त्याचं हसू विरलं.

"मी आजारी होते, तेव्हा त्याने नवस केला. या होळीला तो बुध्या झाला, नवस फेडायला टोप घालून होळीभोवती नाचला. खाटेवर बसला नाही, जमिनीवर निजला. तो टोप मी धरला होता, सर. माणसं कोण खातं?"

भूपेंद्रचे कान लाल झाले. तो घाईघाईने म्हणाला, "बदलतो, बदलतो. टोप काढू. शिंगं देऊ त्याला."

"मी मारते, असं मी म्हटलंच नव्हतं. मी काय करते, ते तुम्ही विचारलंच नाही."

"मन्ही चूक व्हयनी, बहीण," तो पुटपुटला. मग त्याने विचारलं, "तू काय करतेस, रविना?"

"मी वसतिगृहावर जाते," ती म्हणाली आणि दप्तर उचलून निघून गेली.

सोमवारी भूपेंद्रने भरवर्गात सांगितलं, "मी रविनाला न विचारता तिच्या वतीने बोललो आणि तिच्या बापाला राक्षस केलं." रविनाने मान वर केली नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. गणित येत असूनही ती हात वर करत नाही. शीलाने काही विचारलं तर म्हणते, "मी पण तेच." ते ऐकलं की मला भूपेंद्रच्या खिशातल्या खिशात मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझी काळजी नका करू. गोष्ट खेळताना समोरच्याला आधी विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. भूपेंद्र दर रविवारी तिची खुर्ची मांडतो, मला टेबलावर ठेवतो आणि दाराकडे बघत बसतो. ती येईल का? मला नाही सांगता येत. तसा आकडा माझ्या एकाही बाजूवर नाही.