पाणबेडकीची पिल्ले

मित्रांनो, मी एक म्हातारी पाणबेडकी आहे. तळ्याकाठी बसून डराव डराव करतात, त्या बेडकांतली मी नव्हे. मला जीभ नाही, डोळ्यांना पापण्या नाहीत, आणि जमिनीवर तर मला धड बसताही येत नाही. खाणे पाण्यात, झोप पाण्यात, मरणही पाण्यातच. श्वासापुरते तेवढे वर यायचे. पाणी चांगले तर मी चांगली, पाणी बिघडले की माझे सगळेच बिघडते.

मला आणि माझ्या जोडीदाराला माशांच्या दुकानातून एका चष्मेवाल्याने घरी आणले. खाली त्याचे चष्म्यांचे दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्याच्या बायकोचे शिलाई मशीन होते. ती लोकांचे कपडे उसवून बेताचे करून द्यायची. मशीनच्या शेजारी आमची काचेची टाकी ठेवली गेली.

त्याला आमची हौस भारी. कुठून कुठून वाचून यायचा आणि बायकोला सांगायचा. नळाच्या पाण्यात औषध असते, त्याने बेडकांची कातडी जळते, हे त्यानेच सांगितले. संध्याकाळी बादल्या भरून उघड्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी टाकीत घालायचे, हे मात्र ती करायची. सांगणे त्याचे, करणे तिचे. त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

एकदा त्याने टाकीत थोडे गार पाणी घालायला लावले. गार पाणी अंगाला लागताच आम्हाला विणीचे दिवस आल्यासारखे वाटते. माझा जोडीदार अंगाने माझ्या निम्मा, पण त्या दिवशी त्याला कंठ फुटला. चष्म्याची डबी कोणी सारखी उघडमीट करावी, तसा टकटक आवाज. मग आम्ही पानांवर, काचेवर, जागा मिळेल तिथे अंडी चिकटवली. आणि खरे सांगते, थोड्या वेळाने ती खाऊ लागलो. आमची जातच तशी. अंडे कोणाचे, हे आम्हाला कळत नाही.

"अहो, ही खातेय बघा सगळी," ती मशीनवरून उठत म्हणाली.

"वेगळी काढायला हवीत. एखादं पसरट भांडं आहे का?"

 मग स्टुलावर चढून तिने माळ्यावरून एक गुलाबी टब काढला. तान्ह्या बाळाला आंघोळ घालायचा. लग्नानंतर कधीतरी हौसेने घेतलेला आणि कोऱ्याचा कोरा राहिलेला.

"हा घ्या," ती म्हणाली. "नुसता पडूनच आहे."

त्याने तो घेतला. 

त्या टबात माझी पिल्ले जन्मली. काचेसारखी आरपार, तोंडाशी दोन मिशा, आणि आत टिचभर काळीज उडताना दिसायचे. वाळवलेला पाला कुटून, तलम कापडातून गाळून ती त्यांना भरवायची. तळाचा गाळ नळीने ओढून काढायची. मशीन चालवता चालवता त्यांच्याशी बोलायची, "ए लबाड, तू सरक तिकडे, त्या बारक्याला खाऊ दे." मी टाकीतून बघत असे. आईपण मला येत नव्हते, तिला येत होते.

गवगवा झाला. चष्म्याला आलेले गिऱ्हाईकसुद्धा जिना चढून वर यायचे. आसपासची मुले त्याला बेडूकदादा म्हणू लागली. "एवढी सगळी मी वाढवली," तो सांगायचा आणि ती आतून चहा आणायची. तिला त्याचे वाईट वाटत नसावे. पिल्लांना मागचे पाय फुटले, तेव्हा तिने पहिल्यांदा त्यालाच हाक मारून दाखवले होते.

मग त्याची थोरली बहीण राहायला आली. खोली पाहुण्यांनी भरली होती. ती बहीण टबात डोकावली आणि म्हणाली, "चला, या घरात एकदाचा पाळणा हलला. बेडकांचा का होईना."

सगळे हसले. चष्मेवालाही हसला, आणि चांगला मोठ्याने हसला. त्याच्या बायकोने हातातला ट्रे खाली ठेवला आणि ती आत गेली.

पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली.

"तुम्ही हसलात," ती म्हणाली.

"अगं, गंमत होती. ताईचा स्वभाव तुला माहीत आहे."

"ताईंचं सोडा. तुम्ही हसलात."

"मग काय सगळ्यांसमोर रडायला हवं होतं?"

तिने खाली ठेवलेला ट्रे उचलला. मग म्हणाली, "यापुढे या पोरांचं तुमचं तुम्ही बघा. मी हात लावणार नाही."

सुरुवातीला त्याने मोठ्या तोऱ्यात बघितले. मूठभर पाला टाकला, नळाचे पाणी तसेच ओतले. मग दुकानात गर्दी झाली आणि तो विसरला. राग उतरला की ती करेलच, असे त्याला वाटत असावे. ती मशीनवर बसायची, तेव्हा टब तिच्या कोपराला लागेल इतका जवळ असायचा. ती मान वळवायची नाही. यांना एकदा कळू दे, असे तिच्या मनात असावे. दोघे एकमेकांची वाट बघत राहिले. पाणी आधी दुधासारखे झाले, मग त्याला वास मारू लागला.

पिल्ले वर यायची, तोंड उघडायची आणि खाली जायची. काही पुन्हा वर आली नाहीत. आमची टाकीही तशीच. जोडीदाराच्या पोटाखालची कातडी लाल झाली, टकटक बंद पडली आणि एके सकाळी तो पाठीवर उलटा तरंगत होता. मी त्याला ढकलून पाहिले. दुसरे मला काय येणार होते?

त्याच सकाळी मशीनवर बसताना तिची नजर टाकीकडे गेली. ती उठली, बाही वर सारून तिने टबात हात घातला आणि बोटे तळापर्यंत फिरवली. काहीच हलले नाही. चष्मेवाला दुकानात जायला निघाला होता.

"एकही राहिलं नाही," ती म्हणाली.

"मला वाटलं, तू पाणी बदलतेस."

"मला वाटलं, तुम्हाला दया येईल."

टब जड होता. एक कड त्याने धरली, एक तिने, आणि दोघांनी तो मोरीत रिता केला. त्या सगळ्या दिवसांत त्यांनी मिळून केलेले एवढे एकच काम मी पाहिले.

माझे पाणी ती पुन्हा बदलू लागली. आजतागायत बदलते. त्याने एकदा पिशवीत घालून नवा नर आणला होता. तिने पिशवीकडे पाहिले आणि म्हणाली, "परत देऊन या." तो आल्या पावली जिना उतरला. माझ्या पोटात अजूनही अंडी धरतात, पण त्यांना बाहेर बोलावणारे कोणी नाही. ती आतल्या आतच जिरतात.

परवा एक लहान मुलगी आईबरोबर फ्रॉक द्यायला आली होती. काचेला नाक लावून तिने विचारले, "काकू, हिला पिल्लं नाही झाली?"

"झाली होती," ती टाचण्या लावत म्हणाली. "आमच्या भांडणात मेली."

चष्मेवाला दारातच उभा होता. त्याने ते ऐकले, चपला घातल्या आणि तो खाली गेला.

मित्रांनो, तुमचा कोणावर राग नसावा, असे मी म्हणत नाही. तिचा राग खोटा नव्हता, हे मलाही कळते. पण माझी पिल्ले कोणाला हसली नव्हती. तुमच्या घरात काचेआड, पिंजऱ्यात, दावणीला कोणी असेल, तर त्याला तुमचे रुसवे कळत नाहीत, त्याला फक्त तहान कळते. म्हणून एवढेच करा. आधी पाणी बदला. मग खुशाल अबोला धरा.