पृष्ठ ४७ च्या ओलाव्याबाबत

विषय : पृष्ठ ४७ भिजल्यामुळे मला रद्दीत काढण्याबाबत.
संदर्भ : तसे करू नये, असा एका वाचक मुलीचा अर्ज.

मी कुक्कुटपालनावरचा ग्रंथ बोलतोय. पाने शहाण्णव, तेव्हा ग्रंथ म्हणणे जरा जास्तच. पण स्वतःबद्दल बोलताना सगळेच थोडे वाढवून बोलतात.

माझ्या लेखकाला कोंबड्यांची खडान्‌खडा माहिती. माणसांशी त्याचे पटत नसे. वाचनालयाच्या तळफळीवर मी अकरा वर्षे काढली. शहरात कोंबड्या कोण पाळतो?

एका संध्याकाळी दातांच्या दवाखान्यात रुग्णांचे नंबर लावणारी मुलगी आली. तिच्या ठरलेल्या नवऱ्याने ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या हॉलमध्ये दुसरीशीच लग्न उरकले होते. हॉल सहजी मिळत नाहीत, असे त्याचे म्हणणे.

"काका, मन थाऱ्यावर येईल असं काहीतरी द्या."

ग्रंथपालकाका माझी धूळ झटकत होते आणि कुलूप लावायला पाच मिनिटे उरली होती. "हे घे."

"कोंबड्या?"

"वाचून तर बघ. यात कुणाचं लग्न होत नाही."

पृष्ठ ४७ वर पिसे गळण्याचा काळ आहे. 'हा आजार नव्हे. या दिवसांत कोंबडी अंडी देत नाही, म्हणून तिला हिणवू नये. ऊन, स्वच्छ पाणी व एकांत द्यावा. तीन महिन्यांत नवी पिसे येतात.' त्या पानावर ती पोटभर रडली. दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा तांब्या घेऊन गच्चीत उन्हाला बसू लागली. आई करवादली, की म्हणे, "आई, माझी पिसं गळताहेत."

तीन महिन्यांनी ती पुन्हा हसू लागली आणि दवाखान्यात माझे नाव सुचवू लागली. दातासाठी कोण रडतो आणि दुसऱ्याच दुखण्याने कोण, हे तिला बरोबर कळे. माझ्यासाठी रांग लागली. पृष्ठ ४७ फुगून आले.

वार्षिक तपासणीच्या तक्त्यात रकाना होता, ओलाव्याचे कारण : पाऊस, गळती, इतर. काकांनी 'इतर'वर खूण केली. मुख्य कार्यालयातल्या तपासनिसांनी विचारले, इतर म्हणजे काय? मुलीने अर्जात लिहिले, 'इतर म्हणजे आम्ही.'

पुराव्यादाखल मी तपासनिसांच्या टेबलावर गेलो. पहिल्या दिवशी त्यांनी पट्टी लावून डाग मोजले. दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, ते फोनवर हळू आवाजात म्हणाले, "तुझा हिरवा स्वेटर घरीच राहिलाय... नको? बरं." फोन ठेवून त्यांनी मला उघडले. त्या दुपारी पृष्ठ ४७ वर एक डाग वाढला. त्याची नोंद झालेली नाही.

दर सोमवारी मुलगी चौकशीला येते. "साहेब, अर्जाचं काय झालं?"

"विचाराधीन आहे," मला खणात सरकवत ते म्हणतात.

"अजून किती दिवस?"

"तीन महिने तरी लागतील."

परवा तिने पाहिले, त्यांची खुर्ची खिडकीतल्या उन्हात सरकली आहे. शेजारी पाण्याचा तांब्या.

"सावकाश होऊ द्या, साहेब," ती म्हणाली आणि तिने दार हलकेच ओढून घेतले.

अर्ज प्रलंबित आहे.