लाताइला कोण म्हणून लिहायचं

अर्जाची बाकीची पानं भरून झाली होती. पोरं ताटातली नावडती भाजी शेवटी ठेवतात, तसं मुलांचं पान तोआकासेनं शेवटी ठेवलं होतं. लाताइ तिच्या पुढ्यात चटईवर बसली होती आणि तिच्या केसांना खोबरेल चोळता चोळता तोआकासे ते पान पुन्हा वाचत होती. तुमची सगळी मुलं लिहा. पोटची, सावत्र, कोर्टातून दत्तक घेतलेली.

"आई, ओढू नकोस ना."

"मग मान हलवू नकोस."

"मी कुठं हलवतेय? तूच वाचतेयस आणि ओढतेयस."

तोआकासेनं कागद बाजूला सारला आणि दोन्ही हातांनी वेणी घातली.

तिची आई टोंगात होती, वावाऊ बेटावर, एकटी. नजर इतकी गेली होती की ती कोंबड्यांना आवाजावरून ओळखायची. तोआकासेकडं हवाईत नुसती राहायची परवानगी होती, आणि तेवढ्यावर आई बोलावता येत नाही. अमेरिकेची नागरिक झालं की येते. अर्ज त्यासाठी होता, एरवी तिला कसलीही हौस नव्हती.

लाताइ तोआकासेच्या पोटची नव्हती. हे कुणापासून लपवलेलं नव्हतं, लाताइपासून तर नाहीच. धाकटी बहीण पिसिला इथंच, ओआहू बेटावर बाळंत झाली. तोआकासेच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. पिसिलानं बाळाला न्हाऊ घातलं, झाडाच्या सालीच्या नव्या कापडात गुंडाळलं आणि बहिणीच्या मांडीवर ठेवलं. "ही तुझी," म्हणाली. आमच्यात असं मूल देतात. बहिणीला देतात, आत्याला देतात, कधी आजीलाही. त्यानं देणारीचं आईपण जात नाही आणि घेणारीचं उसनं ठरत नाही. पुढं पिसिला नवऱ्याबरोबर ऑकलंडला गेली. लाताइ दर रविवारी तिच्याशी फोनवर बोलते, तिला ऑकलंडची आई म्हणते. शाळेत कुणी विचारलं तर मला दोन आया आहेत असं सांगून मोकळी होते. बाकीच्या मुलांना एकच असते याचं तिला थोडं वाईट वाटतं.

टॅक्सचे कागद दरवर्षी चर्चमधले सोआकाई भरून देत. ईस्टरच्या आसपास ते हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसत. लोक येताना कुणी केक आणी, कुणी कोनफळं. लाताइचं नाव त्यांनी पहिल्याच वर्षी "मुलगी" म्हणून घातलं, आणि मग दरवर्षी तेच पुढं आलं. त्यांनी विचारलं नव्हतं. लाताइच्या नामकरणाला डुक्कर त्यांनीच भाजलं होतं, विचारणार काय?

जन्मदाखल्यावर मात्र आईच्या जागी पिसिलाचं नाव होतं.

तोआकासे हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. तिथल्या एका फिलिपिनो बाईला तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, नागरिकत्वाच्या अर्जाला टॅक्सचे कागदही बघतात का. त्या बाईनं घडीसुद्धा मोडू दिली नाही. "अगं, टॅक्समधलं खोटं सगळ्यात आधी बघतात. माझ्या दिराला मुलाखतीत विचारलं, हा ज्याला तू मुलगा म्हणून लिहिलंयस तो कोण? दीर म्हणाला, पुतण्या. झालं! अर्ज फेटाळला आणि वर म्हणाले, तुझी चालचलणूक बरी नाही."

त्या दिवशी तोआकासेनं उशांचे अभ्रे चादरींच्या गठ्ठ्यात ठेवले. मुकादम दोनदा ओरडली.

नवरा फेलेती दगडी भिंती बांधायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. "भिंतीत एक दगड वाकडा बसला तर पुढचा त्याच्याच तालानं बसवायचा. आधी मुलगी लिहिलंय ना? आताही मुलगीच लिही."

"आणि जन्मदाखला?"

"मागतील तेव्हा बघू."

"हात वर करून शपथ घ्यायला लावतात, फेलेती."

"मग हात वर करून सांग, मुलगी आहे म्हणून. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. पंचाईत तिथंच होती.

शनिवारी ती सोआकाईंकडं गेली. ते रविवारच्या जेवणासाठी परसात भट्टीचा खड्डा साफ करत होते, आणि त्यांची बायको अळूची पानं पुसून एकावर एक रचत होती. तोआकासेनं सगळं सांगितलं. सोआकाई हातातला दगड तसाच धरून ऐकत राहिले.

"मग मी काय लिहायला हवं होतं? शेजारीण?"

"भाची."

"भाची!" त्यांनी दगड खाली टाकला. "हे पिसिलाच्या तोंडावर म्हणून दाखव बघू. अगं, तुझ्या आईच्या तोंडावर म्हणून दाखव. काठी घेऊन मागं लागेल."

"तिला दिसत नाही आता."

"काठीला कुठं डोळे लागतात!"

त्यांची बायको हसली, तोआकासेलाही हसू आलं. मग सोआकाई गंभीर झाले. "असं कर. चूक सोआकाईची, म्हणून सांग. माझं नाव घे. मी म्हातारा आहे, मला काय करणार आहेत?"

"सही माझी आहे, सोआकाई."

 ती निघाली तेव्हा त्यांनी तिला बळंच एक केळ्यांचा घड दिला.

गावच्या वाचनालयात आठवड्यातून एकदा दिविना नावाची बाई बसायची. टॅक्सचे घोळ फुकट निस्तरून द्यायची. तिनं जुने रिटर्न चाळले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मुलगी जन्मापासून तुमच्याच घरात आहे ना? तुम्हीच पोसता?"

"हो."

"मग पैशांचं सोडा. तुम्हाला जी सूट मिळाली ती मुलीला असते तशीच भाचीलाही असते. सरकारचं काही बुडालेलं नाही."

इतका वेळ तोआकासे खुर्चीच्या कडेला बसली होती. तिनं पाठ टेकली.

"पण नातं खोटं लिहिलंय," दिविना म्हणाली.

"खोटं नाही."

"बरं, चुकीचं म्हणू. ते आधी दुरुस्त करून पाठवायचं आणि त्याच्या प्रती जवळ ठेवायच्या. मुलाखतीत साहेब विचारेल, त्याच्या आधी आपण सांगितलेलं बरं. आता नागरिकत्वाचा अर्ज. त्यात तिला मुलगी लिहिता येणार नाही. लिहायचीच असेल तर आधी कोर्टात जाऊन रीतसर दत्तक घ्या. त्यासाठी जन्मदात्या आईनं लिहून द्यावं लागतं."

"काय लिहून?"

"की आता तिचा या मुलीवर हक्क नाही. कोर्टाच्या लेखी मग ती आई राहत नाही. तुम्ही होता."

"दोघींची नावं नाही लिहिता येत?"

दिविनानं तिच्याकडं पाहिलं. तिला गंमत वाटली नाही, हे बरं झालं. "तशी सोय नाही हो," ती म्हणाली.

रविवारी लाताइचं बोलून झाल्यावर तोआकासेनं फोन घेतला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली. पिसिलाकडं तेव्हा सोमवार उजाडलेला असतो. ती भांडी विसळता विसळता ऐकत होती.

"पाठव कागद," ती म्हणाली. "करते सही."

"नीट ऐकून तरी घे."

"ऐकलं. आईला आणायचंय ना? मग झालं तर. एका सहीचा काय एवढा बाऊ?"

नळ चालूच होता. मग बंद झाला.

"सही केली की मी तिची कोण?"

"मावशी."

"म्हणजे आईच की."

"आपल्यात. त्यांच्यात नाही."

"त्यांच्यात मावशी काय करते?"

तोआकासेनं हॉटेलात उतरणारी माणसं आठवून पाहिली. "वाढदिवसाला कार्ड पाठवते."

पिसिला हसली. खूप वेळ हसली, आणि शेवटी नाक ओढल्याचा आवाज आला. "सर्दी झालीय," ती म्हणाली. "इथं थंडी किती आहे, तुला काय कळणार! तू पाठव कागद. मी करते म्हटलं ना."

"बघते."

"बघते काय? पाठव, ताई."

तोआकासेनं कागद पाठवले नाहीत. मूल दिलेल्या बाईकडं आणखी काय मागायचं? जे सोडायचं ते आपणच सोडू, असं तिनं ठरवलं. ठरवायला वेळ लागला नाही, लिहायला लागला. लाताइ शाळेत गेल्यावर ती टेबलाशी बसली आणि मुलांच्या पानावर "नाहीत" असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं. मग उठून तिनं लाताइचा गणवेश धुतला. तो आदल्या दिवशीच धुतलेला होता.

फेलेतीनं ते पान वाचलं. "माझ्याही अर्जात असंच?"

"तुझा अर्ज तू भरशील तेव्हा तू ठरव."

तो उठला. अंगणात गेला आणि बराच वेळ नुसत्या हातांनी थापीवरचं वाळलेलं सिमेंट खरवडत बसला.

मुलाखतीला बोलावणं आलं तोवर आंबे संपत आले होते. तोआकासेनं काळा झगा घातला आणि वर कमरेला विणलेला झालरीचा पट्टा बांधला. त्याशिवाय ती चर्चमध्येही जात नाही. फेलेतीनं कामाला सुट्टी टाकली, लाताइनं शाळेला. होनोलुलूच्या त्या इमारतीत एकटीनंच आत जायचं होतं. दोघं बाहेर ट्रकमध्ये थांबले.

साहेब तरुण होता, टाय किंचित वाकडा. तोआकासेनं हात वर करून शपथ घेतली.

"मुलं?"

"नाहीत."

त्यानं पानं उलटली. एका पानावर थांबला, मग मागचं काढून शेजारी ठेवलं. "आधीच्या रिटर्नमध्ये मुलगी, दुरुस्तीत भाची. असं का?"

सोआकाईंचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. "आमच्यात बहिणीचं मूल असं देतात, घेतात. सही करताना मी वाचलं होतं. मला ते बरोबरच वाटलं. इथं चालत नाही हे मागाहून कळलं, तेव्हा बदलून पाठवलं."

"म्हणजे ती तुमची मुलगी नाही?"

"कायद्यानं नाही."

"मला हो किंवा नाही असं उत्तर लागेल."

 शेजारच्या खोलीत कुणीतरी खोकलं.

"नाही," तोआकासे म्हणाली.

त्यानं खूण केली आणि पान उलटलं. राग नाही, काही नाही. त्याच्यापुढं अजून पुष्कळ पानं होती. मग देशाविषयीचे प्रश्न झाले. पश्चिम किनाऱ्याला कोणता महासागर आहे, असं त्यानं विचारलं. हे एक उत्तर तिनं पाठ केलेलं नव्हतं. ते तिनं लहानपणापासून रोज पाहिलं होतं. शेवटी साहेब उठला आणि हसून म्हणाला की अर्ज मंजुरीसाठी पुढं पाठवतोय, शपथविधीचं पत्र घरी येईल.

बाहेर ऊन होतं. ट्रकची दारं उघडी टाकून दोघं केळ्याची भजी खात बसले होते. तिच्या चेहऱ्याकडं बघून फेलेतीनं ओळखलं आणि हात पुसले.

"आता आजी येणार?" लाताइनं विचारलं.

"येईल. वेळ लागेल, पण येईल."

"माझ्याबद्दल विचारलं त्यांनी?"

फेलेती पुढच्या काचेतून बाहेर बघू लागला.

"विचारलं."

"मग सांगितलंस?"

"सांगितलं."

"ऑकलंडच्या आईबद्दलपण?"

"तिच्याबद्दलपण."

लाताइचं समाधान झालं. तिनं उरलेलं भजं आईच्या हातात दिलं आणि सुटलेली वेणी बांधून घ्यायला तिच्याकडं पाठ केली. तोआकासेनं भजं दातांत धरलं, बोटं झग्याला पुसली आणि केसांचे पेड वेगळे केले. फेलेतीनं वेणी पुरी होईपर्यंत गाडी सुरू केली नाही.