आठ नळ्यांची गाडी

मैना गेल्याची बातमी आली तेव्हा जागेश्वर बारापात्रे गाडीखाली होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे पाय. कुहीहून आलेला फोन समोरच्या आरागिरणीत नत्थूजीने घेतला होता. नत्थूजी शेजारचा वेल्डर, जागेश्वरचा जुना सोबती. तो रस्ता ओलांडून आला आणि कुणाच्या तोंडाकडे पाहून बोलावं ते न कळून त्या पायांनाच सगळं सांगून मोकळा झाला. मैनावहिनी माहेरी दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत, म्हणाला. पाय हलले नाहीत. मग खालून आवाज आला, "अर्ध्या इंचाचा पाना दे गा."

नत्थूजीने पाना दिला. जागेश्वरने शेवटचा बोल्ट काढला, इंजिनाचा धूर बाहेर नेणारा जुना फुटका मॅनिफोल्ड खाली पडला, आणि मग तो बाहेर आला. हात पुसायचे राहून गेले. तसाच तो कुहीच्या एसटीत बसला.

इमर्जन्सी उठून वर्ष झालं होतं. गोळीबार चौकामागच्या त्या गल्लीत हातमाग एकेक करून बंद पडत होते. जागेश्वरचाही माग कधीच माळ्यावर गेला होता आणि मागाच्या जागी गॅरेज आलं होतं. मैना मात्र अजून शेजाऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची. रहाट फिरवता फिरवता ती गाडीकडे बघत बसे. गाडी शेवरले, आठ सिलिंडरची, कामठीच्या एका मेजरकडून भंगारात घेतलेली. तिच्या डिकीत एक लाकडी पेटी निघाली होती, आणि पेटीत गवतात गुंडाळलेल्या कोऱ्या नळ्या. त्यांना हेडर म्हणतात. मॅनिफोल्डमध्ये सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच बोळीत घुसतो. हेडर लावले की प्रत्येक सिलिंडरला आपली वेगळी नळी मिळते, इकडे चार, तिकडे चार. गाडीला दम येतो आणि आवाज असा फुटतो की झोपलेलं माणूस उठून बसतं. मेजरने ते अमेरिकेहून मागवले आणि कधी लावलेच नाहीत. पहिल्यांदा गाडी निघाली की पहिली बसणार मैना, हे नवराबायकोत ठरलेलं होतं.

आता मैना गाडग्यात होती. अस्थी घरात आणत नाहीत म्हणून गाडगं गॅरेजपुढच्या निंबाला टांगलं होतं. दहाव्याला रामटेकच्या अंबाळा तलावात त्या सोडायच्या होत्या. मैनेचा भाऊ बाबनराव टेंपो ठरवून आला. जागेश्वर म्हणाला, मैना टेंपोत जाणार नाही, आपल्या गाडीत जाईल. बाबनरावाने वर उचलून ठेवलेल्या बॉनेटखाली डोकं घातलं, आतली उघडी भोकं पाहिली आणि बहिणीकडे पाहिलं. ती गोदूबाई, मैनेची थोरली बहीण, दहा दिवसांचं करायला म्हणून येऊन राहिलेली. सगळ्या सोयऱ्यांत तिचा शब्द शेवटचा. तिने निकाल दिला. दहाव्याच्या सकाळी गाडी आपल्या चाकांवर दारात उभी दिसली तर गाडी, नाहीतर टेंपो, आणि त्यावर कोणी तोंड उघडायचं नाही.

आदल्या दिवशी सकाळी जागेश्वर आणि नत्थूजी कामाला लागले. डाव्या बाजूच्या चार नळ्या अशा बसल्या की जशी सासरी आलेली शहाणी सून. पॅकिंग ठेवलं, बोल्ट आवळले, झालं. दोघांना हुरूप चढला. नत्थूजी तर शीळ वाजवायला लागला आणि गोदूबाईला पाहून थांबला.

उजवी बाजू मात्र काही केल्या जाईना. वरून घातली, खालून घातली, गाडी जॅकवर चढवली, इंजिन फळीने उचलून धरलं. दर वेळी दोन नळ्या स्टिअरिंगच्या दांड्यावर जाऊन आदळत. जागेश्वरचा चेहरा उतरला. चहा घेऊन आलेली गोदूबाई बराच वेळ पाहत उभी राहिली. तिने विचारलं, ही गाडी कोणत्या गावची. नत्थूजी म्हणाला, गाडी आपल्याकडच्या रस्त्यांसाठी बनलेली, स्टिअरिंग उजव्या हाताला. नळ्या तेवढ्या अमेरिकेच्या. आणि अमेरिकेत डायव्हर कुठे बसतो, तिने विचारलं.

नत्थूजीने एकदा दांड्याकडे पाहिलं. "डावीकडे," तो म्हणाला.

"मंग तिकडे दांडा डावीकडेच असन. उजवीकडे त्या नळ्याइले वाटलं असन, जागा खालीच हाय, कोणी नाही."

जागेश्वर हसला. नऊ दिवसांत पहिल्यांदा हसला, आणि एकदा सुटलं ते थांबेना. मेजर साहेबाने एवढा खर्च करून सातासमुद्रापलीकडून दुसऱ्याच्या मापाची चोळी आणली होती. नत्थूजी चाकाला धरून खाली बसला. गोदूबाईने पदर तोंडात कोंबला. हसणं ओसरलं की कोणीतरी "जागा खालीच" म्हणे आणि पुन्हा सुरू.

मग जागेश्वरने मैनेच्या रहाटावरची एक कांडी आणली. सिलिंडरच्या भोकापासून स्टिअरिंगच्या दांड्याला वळसा घालून सूत खालपर्यंत नेलं, जिथे वळण येई तिथे गाठ मारली. हे काम त्याच्या बोटांत होतं; मागावर ताण्याचे उभे धागे जोडताना तो हेच करत आला होता. त्या दोन नळ्या नत्थूजीने कापल्या. त्यांत कन्हान नदीची कोरडी वाळू ठोकून भरली, म्हणजे वाकवताना नळी चेपत नाही. गॅसने लाल केल्या आणि सुताच्या गाठी पाहून वाकवल्या. पहिली नळी अशी वळली की नत्थूजीने ती डोक्यावर धरून गॅरेजभर फेरी मारली. दुसरी तर जोडल्यावर थेट कारखान्यातून आल्यासारखी बसली.

एकच अडचण उरली. वळलेली नळी आता दांड्यापासून जेमतेम दोन बोटांवरून जात होती, तापली की दांड्यातलं ग्रीस उकळणार. अशा नळीला ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळतात. दुकानं बंद झाली होती. गोदूबाई म्हणाली, चुलीवर ठेवायच्या भांड्याला आपण माती लावतोच, सूत गुंडाळा आणि वरून माती थापा. कोष्ट्याच्या घरी सुताला काय तोटा. तिघांनी मिळून नळीला बोटभर जाड सूत गुंडाळलं. माती धरेना म्हणून तिने तिच्यात शेजारच्या मागाची, सुताला लावायची शिळी खळ कालवली, ज्वारीच्या पिठाची, चांगली घट्ट. लिंपण इतकं देखणं झालं की तिने हाताने त्यावर दोन बोटं ओढली, जशी भिंतीवर ओढतात.

सकाळी सगळी गल्ली दारात. जागेश्वरने किल्ली फिरवली. गाडी आधी खोकली आणि मग बोलली. गल्लीतल्या पत्र्यांवरची कबुतरं एकदम उडाली, कुणाच्या तरी फळीवरची भांडी खाली आली. आवाज छातीत शिरत होता. आणि दोन मिनिटांत बॉनेटमधून पांढरा धूर निघाला. गाडी पेटली, असा ओरडा झाला. बाबनराव पाण्याची बादली घेऊन धावला. जागेश्वरने नाक वर केलं. धुराला भाजलेल्या भाकरीचा वास येत होता.

"पाणी नको टाकू गा," तो म्हणाला. "खळ भाजून राहिली."

सूत आत जळत गेलं, खळ करपली, पण मातीचं कवच विटेसारखं भाजून नळीवर तसंच राहिलं. धूर विरला. दांड्याला हात लावून पाहिला, नुसता कोमट. तोवर सगळ्या गल्लीला भूक लागली होती.

गाडी आपल्या चाकांवर उभी होती. गोदूबाईने निंबावरचं गाडगं स्वतः काढलं आणि जागेश्वरच्या शेजारच्या सीटवर जुन्या लुगड्याची चुंबळ करून ठेवलं. ती मागे बसली, तिच्या शेजारी नत्थूजी. बाबनराव टेंपोतून पुढे गेला, भटजींना थांबवायला.

कामठी गेली, कन्हानचा पूल गेला. रस्ता मोकळा झाला आणि जागेश्वरने पाय दाबला. आठही नळ्यांनी एकदम सूर धरला. बैलगाड्या बाजूला होत होत्या, एका सायकलवाल्याने उतरून नमस्कार केला. गोदूबाई आधी देवाचं नाव घेत होती, मग तिने खिडकीची काच खाली केली. मैनीला असं पाहिजे होतं, म्हणाली. तिचे केस सुटले ते तिने बांधले नाहीत. जागेश्वरने एक हात गाडग्यावर ठेवला होता. सीट थरथरत होती, गाडगं थरथरत होतं, आणि त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्याने सुकत होतं.

मनसर आलं. रामटेकचा फाटा उजवीकडे दिसला. जागेश्वरला दिसला. गाडी सरळ गेली.

"फाटा गेला गा, जागेश्वर," नत्थूजी म्हणाला.

"मले दिसला."

नत्थूजीने गोदूबाईकडे पाहिलं. ती बाहेर पाहत होती.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "आता कुठं गाडीत बसली हाय मैनी."

देवलापार गेलं, दोन्ही बाजूंना सागाचं जंगल लागलं, आवाज झाडांत घुमून परत येऊ लागला. मध्य प्रदेशची हद्द आली तेव्हा ते थांबले. टपरीवर चहा प्यायले, चौथा कप गाडग्यापुढे ठेवला. परत फिरले तेव्हा ऊन उतरलं होतं, अंबाळ्याच्या घाटावरून भटजी निघून गेले होते, आणि बाबनराव एकटाच पायरीवर बसून होता. तो जागेश्वरशी बोलला नाही, अजून बोलत नाही. गाडगं पुन्हा निंबाला टांगलं आहे.

मैनेच्या अस्थी सोडायच्या राहिल्या आहेत.