रिकामा खिळा

"या गावाचा इतिहास सोन्याच्या अक्षरांनी लिहिला जाईल!" पंचायतीच्या टेबलावर मूठ आपटून हंगामींनी जाहीर केलं.

"पिवळा चालेल का?" शिपायाने विचारलं. "गतिरोधक रंगवून अर्धा डबा उरलाय."

इतिहास तसा आटोपशीरच होता. फार पूर्वी काही कुटुंबं नव्या मुलखाच्या शोधात निघाली होती. वाटेत काही गाड्यांचे आस मोडले. ज्यांच्या गाड्या धड होत्या ते पुढे गेले आणि त्यांनी शहर वसवलं. उरलेले "आस बसवला की निघूच" म्हणत थांबले. पुढे त्यांनी पंचायत स्थापन केली आणि निघण्याचा विषय कायमचा पुढच्या सभेवर गेला.

आता पंचायतीच्या नव्या सभागृहात, लांबच्या भिंतीवर, आजवरच्या सगळ्या सरपंचांचे फोटो लावायचं ठरत होतं. सध्याच्या सरपंचबाई मूळच्या शिवणकामाच्या. भाषण असो की ठराव, सगळं मापात.

"एकाच आकाराचे फोटो, खांद्यापर्यंत, एकेकट्याचे," त्या म्हणाल्या. "मंजूर?"

"आणि माझा?" हंगामी म्हणाले.

"तुमचा कशाला, काका?"

"मीपण सरपंच होतो."

शिपाई उगाचच खोकला.

हंगामी हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पंचायतीसमोर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि एके काळी ते उपसरपंच होते. तेव्हाचे सरपंच मूळव्याधीच्या ऑपरेशनला शहरात गेले. ऑपरेशन अशा जागी होतं, की खुर्चीचा आणि त्यांचा संबंध काही काळ तुटणं भागच होतं. त्या काळात हंगामींनी खुर्ची सांभाळली आणि मोकाट कुत्र्यांबाबत कडक धोरण जाहीर केलं. ते कुत्र्यांच्या कानावर जाण्याआधीच सरपंच टुणटुणीत होऊन परतले. तेव्हापासून गाव यांना हंगामी म्हणू लागलं. रागात असली की बायकोसुद्धा.

"त्या वेळचं आता कुणाला आठवतंय, काका?" सरपंचबाई म्हणाल्या. "तेव्हाच्या सरपंचांनी एक शब्द सांगितला, तर तुमचाही लावू. त्यांचं कोण मोडणार?"

नेमकं तिथेच हंगामींना ठसका लागला. कारण तेव्हाचे सरपंच हे त्यांचे थोरले साडू होते.

दोन बहिणी दोघांनी केल्या. थोरली साडूंनी, धाकटी यांनी. लग्नं एकाच मांडवात लागली. जेवणाच्या पंगतीत साडूंच्या पानावर वाढपी तीनदा आले आणि हंगामींना मीठ मागून घ्यावं लागलं. ते अळणी जेवण हंगामी आजवर विसरले नव्हते. पुढे साडूंना घर आधी झालं, चष्मा आधी लागला आणि टक्कल मात्र कधीच पडलं नाही. ते तीनदा सरपंच झाले. पाण्याची टाकी त्यांनी बांधली, पूल त्यांनी बांधला. दुकानात वाकड्या चाकाचा आउट काढताना हंगामी मान वर करायचे, की समोर साडू कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत उभे असायचे आणि लोक मान डोलवत असायचे. साडूंचं आजारपणसुद्धा शहराच्या डॉक्टरने बघावं असलं. यांना नुसती सर्दी व्हायची.

तीन वर्षांपूर्वी साडूंची बायको गेली. त्या दिवशी मात्र हंगामींनी पुढे होऊन सगळं पाहिलं. रात्री बायकोजवळ ते एवढंच म्हणाले, "गर्दी काय होती, नाही?" आणि मग त्यांना बराच वेळ झोप आली नाही.

साडू ओसरीवर शेंगा सोलत बसले होते.

"ये साडू. बस. सोल."

हंगामींनी घरून भाषण पाठ करून आणलं होतं. त्यात न्याय, हक्क आणि कृतज्ञता हे शब्द होते. त्यांनी सुरुवात केली, "कसंय साडूबुवा, इतिहास म्हणजे..."

"फोटोचं ना? सरपंचबाईंना मघाशीच निरोप धाडला मी. होता म्हटलं सरपंच. चांगला कारभार केला म्हटलं."

हंगामींच्या हातातली शेंग तशीच राहिली. भांडायची एवढी तयारी करून यावं आणि समोरच्याने दारच उघडं टाकावं, याचा त्यांना भयंकर राग आला.

"आणि तुमचा कुठला फोटो देताय?"

"माझा नको," साडू म्हणाले. "मी नाही म्हणून कळवलंय."

हंगामी घरी आले ते धुमसतच. "बघितलंस? मी मागायला गेलो आणि हा माणूस नको म्हणून मोठा झाला! नको म्हणायचा मानही यालाच!"

"तुम्ही म्हणा की नको," बायको म्हणाली.

"मी नको म्हटलं तर ते खरंच लावायचे नाहीत!"

मग त्यांनी इरेला पेटून फोटो मोठा करून घेतला. मूळ फोटो ओळखपत्राचा होता. मोठा केल्यावर ते घरातून निघून गेलेल्या आणि शोध चालू असलेल्या इसमासारखे दिसू लागले. सुताराकडे जाऊन त्यांनी चौकट सांगितली.

"एवढी जाड?" सुतार म्हणाला. "काका, ही फोटोची आहे की दाराची?"

"तू कर. उठून दिसली पाहिजे."

चौकट झाली. भिंतीवर खिडकीलगतची, चांगल्या उजेडाची जागा हंगामींनी पहाटेच येऊन धरली. शिपायाने ओळीने खिळे ठोकून ठेवले होते. एकेक माजी सरपंच आपापल्या खिळ्यावर गेला. हंगामींच्या शेजारचा एक खिळा तेवढा रिकामा राहिला.

आणि घात झाला. दाखल्यासाठी, पाणीपट्टीसाठी जो कोणी आत येई, तो ओळीवरून नजर फिरवत येऊन बरोब्बर त्या खिळ्यापाशी थांबे.

"हा कुणाचा?"

"थोरल्या सरपंचांचा. त्यांनी फोटो देत नाही म्हटलंय."

"बघा! माणूस म्हणजे काय! टाकीच्या वेळी स्वतः घमेलं उचललेलं त्यांनी..."

की मग टाकी, पूल आणि घमेलं अर्धा तास चाले. शेजारच्या जाड चौकटीकडे एकाचंही लक्ष जात नसे. एका म्हातारीने तेवढं डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "हा सापडला का?"

हंगामी समोरच्या दुकानातून हे सगळं बघत होते. साडूंच्या घराचा त्यांना हेवा वाटला होता, केसांचा वाटला होता, मूळव्याधीचाही वाटला होता. पण एका खिळ्याचा हेवा करायची वेळ येईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आठवडाभर त्यांनी कळ काढली. मग पाना खाली ठेवून ते तडक साडूंच्या घरी गेले.

"साडूबुवा, हात जोडतो. फोटो द्या."

"कशाला?"

"कशाला म्हणजे! तुम्ही तिथे नसल्यामुळे तिथे दुसरं कोणीच दिसत नाही!"

साडू खुदकन हसले. मग आत गेले. बराच वेळ पेटीचा आवाज येत राहिला. परतले तेव्हा त्यांच्या हातात पंच्यात गुंडाळलेला एक फोटो होता.

"सरपंच म्हणून माझा एवढाच आहे. पहिल्यांदा निवडून आलो त्या दिवशीचा."

फोटोत साडू खुर्चीत ताठ बसले होते. शेजारी त्यांची बायको वाकून त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावत होती आणि कशाला तरी खळखळून हसत होती. फोटोवाल्याला थांबायला सांगायचं दोघांनाही सुचलेलं दिसत नव्हतं.

"पंचायतीचा माणूस म्हणाला, एकेकट्याचाच हवा. हिला कापू म्हणाला. कात्री घेऊनच आलेला." साडूंनी पंच्याने काच पुसली. "म्हटलं, राहू दे. आधीच एकदा गेलीय ती."

फोटोच्या कडेला कुणाचं तरी कोपर तेवढं आलं होतं. हंगामींनी ते निरखून बघितलं.

"हे माझं," ते म्हणाले.

"तुझंच. पुढे घुसत होतास. फोटोवाल्याने मागे ढकललं."

फोटो बगलेत मारून हंगामी पंचायतीत आले.

"काका, हे मापात बसत नाही," सरपंचबाई म्हणाल्या. "एकेकट्याचे असं ठरलंय. आणि या काही सरपंच नव्हत्या."

"मी तरी कुठे होतो?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि हंगामी स्वतःच दचकले. शिपायाने खोकायचं ठरवलं होतं, ते त्याने रद्द केलं. सरपंचबाई फोटोकडे बघत राहिल्या. त्या बटणाकडे, त्या हसण्याकडे.

"लावा," त्या म्हणाल्या. "ठरावाचं बघू मागाहून."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू आले. हंगामींची बायकोही आली होती. बहिणीचा फोटो बघून तिने पदर डोळ्यांना लावला आणि ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. साडू भिंतीपुढे उभे राहिले. हंगामी थोडे मागे उभे राहिले. फोटो बघून झाला, की साडूंची नजर शेजारी सरकणार, हे त्यांना ठाऊक होतं. साडू काय म्हणतील? कारभाराचं काही म्हणतील, की नुसतीच मान डोलवतील? हंगामींनी सदरा नीट केला. आयुष्यभर ज्याच्याकडे बघत आलो, त्याने एकदा आपल्याकडे बघावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

साडू बराच वेळ बघत होते. मग त्यांची मान हळूहळू वळली. जाड चौकटीपाशी ती थांबली, तिथून खिडकीकडे गेली आणि पुन्हा मागे आली.

"साडू," ते हळूच म्हणाले.

"बोला ना!"

"राग मानू नकोस. तुझा जरा पलीकडे घेतोस? तिच्या तोंडावर सावली पडतेय."

हंगामींनी बघितलं. चौकटीची सावली बरोबर त्या हसण्यावर पडली होती.

त्यांनी भिंतीवर नजर फिरवली. ओळ भरलेली होती. जागा उरली होती ती दारामागे. पंचायत चालू असताना दार उघडं असायचं, म्हणजे फोटो फक्त सुट्टीच्या दिवशी दिसला असता, आणि सुट्टीच्या दिवशी पंचायतीला कुलूप असायचं.

हंगामींनी चौकट उतरवली. हातात ती चांगलीच जड लागली.

"शिपाईबुवा," ते म्हणाले, "ते दार जरा ओढून धरता का?"