उठलेल्यांचं पहिलं पान

कामिनीने शेवटच्या चौकटीतल्या दाराला कडी रेखाटली आणि टॅबवरून पेन उचललं. झालं बाई एकदाचं! बत्तीस पानं, आठ महिने. पाच वाजता फाइल पुण्याच्या छापखान्याला गेली, की ती मोकळी.

कॉमिकचं नाव 'उठलेले'. एका तालुक्याच्या गावात एके सकाळी मेलेली माणसं उठून येतात. चावत नाहीत, रक्त पीत नाहीत. आपापलं जुनं काम मागतात, भाड्याने खोली मागतात. गाव मात्र पटापट दारं लावतं, टपरीवर त्यांचे कप वेगळे ठेवतं. माणूस माणसाला कसा टाळतो, ते कुणाकडे बोट न दाखवता सांगायचं होतं तिला. आपण ते झकास सांगितलंय, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. चित्रं तिची, रंग मैत्रिणीचे, अफिफाचे. म्हणून काम चालायचं शहरातल्या मेहरूण भागात, अफिफाच्या घरी, वरच्या खोलीत.

आज कामिनीची आई शेवंताबाईही तिथे होती. डोळे दाखवायला ती बोदवडहून आली होती आणि कामिनीनेच तिला स्टेशनवरून इकडे आणलं होतं. या घरात तिचं हे पहिलंच येणं. खुर्चीच्या कडेवर ती जेमतेम टेकली होती. अफिफाच्या आईने, जमीलाने, चहा विचारला तेव्हा "आत्ताच घेतला" म्हणाली. कसला घेतला! कामिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण करते काय?

"खाला, तुम्ही तरी बघा एकदा," ती जमीलाला म्हणाली.

जमीलाने ओढणीला हात पुसले, चष्मा चढवला. पहिल्या पानावर कबरी फोडून माणसं बाहेर येत होती, सगळ्यांच्या पुढे एक म्हातारी. जमीला बराच वेळ बघत राहिली. मग तिला हसू आलं.

"छान काढलंय, बेटा. पण हे सगळे आमचेच का गं?"

"म्हणजे?"

"तुमच्यात तर जाळतात. राखेतून कोण उठणार? उठले तर कबरस्तानातलेच उठतील ना."

कुणाचं आडनाव दिसू नये म्हणून कामिनीने दुकानांच्या पाट्यासुद्धा कोऱ्या ठेवल्या होत्या. आणि कबरी? परदेशी सिनेमांत मढी जशी उठतात तशीच तिने ती उठवली होती. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?" तिने अफिफाला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून." अफिफाने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "मला वाटलं, तू मुद्दाम आमच्यावरच काढतेयस. म्हणून तर हो म्हणाले."

"मी सगळ्यांवर काढत होते गं."

"मग सगळ्यांना घेतलंस कुठे?"

हे बरोबर लागलं. कामिनीने टॅब मांडीवर उपडा घातला.

"आज फाइल पाठवायची नाही. अशी छापली तर घाबरवणारे तुम्ही आणि घाबरणारे आम्ही, एवढंच दिसेल. आणि बदलायचं म्हटलं तरी कसं? आमच्यातलं उठवू कुणाला?"

आठ महिन्यांची मेहनत पाण्यात गेली म्हणून तिला रडू यायला लागलं होतं. तेवढ्यात शेवंताबाईने खुर्ची पुढे ओढली आणि लेकीच्या मांडीवरचा टॅब सुलटा केला.

"यात लहान नाही का कोनी?"

"लहान?"

"पाळन्यातलं. लहान्याले आपल्यातबी जाळत नाहीत, पुरतात." चित्रातल्या म्हातारीशेजारच्या मोकळ्या जागेवर तिने बोट ठेवलं. "तुह्या आधी एक व्हता. नऊ दिवसांचा. नाल्याकाठी निंबाखाली ठेवला त्याले. बारसंबी झालं नव्हतं."

घरात सगळे कामिनीला थोरली म्हणायचे. सत्तावीस वर्षांत हा विषय कधी निघाला नव्हता. तिने पेन घेतलं, आईच्या बोटाशेजारी टेकवलं आणि तिथेच थांबली.

"नऊ दिवसांचं लेकरू एकटं कसं येणार?" जमीला म्हणाली. "कुणीतरी उचलूनच आणणार." तिने पुढच्या म्हातारीकडे हात केला. "हिच्याकडे दे. हिचे हात मोकळेच आहेत."

अफिफाने मान वर केली. आई आता उठेल, पिशवी घेईल आणि जिना उतरायला लागेल, असंच कामिनीला वाटलं.

शेवंताबाईने टॅब डोळ्यांजवळ नेला. डोक्यावरून पांढरं कापड घेतलेली ती म्हातारी तिने नीट बघून घेतली. तिचे हात बघितले.

"दे," ती म्हणाली. "पन मानेखाली हात ठेवायले सांग तिले. मान धरत नव्हता तो अजून."