तिच्या वाटची एक ओळ

माझी बायको राक्षसांच्या, उडत्या घोड्यांच्या आणि बोलक्या विहिरींच्या गोष्टी लिहायची. मोठ्या माणसांसाठी. मी लिफ्ट दुरुस्त करतो. "तुम्हीही माणसांना वर नेता, मीही नेते," असं ती म्हणायची, "फक्त माझी खाली यायला तयार नसतात."

तिचे एक मित्र अंतराळयानांच्या गोष्टी लिहायचे. ती त्यांना यानवाले म्हणायची, ते तिला चेटकीण. एकदा गंमत म्हणून त्यांनी तिलाच आपल्या गोष्टीत घातलं. यानावरची एक बाई, जादूच्या कथा लिहिणारी, चष्मा कपाळावर सरकवून यानभर चष्मा शोधणारी. वाचकांना ती आवडली. मग ती त्यांच्या दर गोष्टीत येऊ लागली.

दोघांचं एक ठरलेलं होतं. छापायला देण्याआधी गोष्ट तिला दाखवायची, आणि तिने त्यात एकच ओळ बदलायची. कुठलीही. यानवाल्यांनी हूं की चूं करायचं नाही. एकदा त्यांनी लिहिलं होतं, 'यान हादरलं तशी ती किंचाळली.' तिने केलं, 'यान हादरलं तशी तिने जांभई दिली.' बिचाऱ्यांना पुढची सगळी गोष्ट त्या जांभईसाठी पुन्हा लिहावी लागली.

ती गेली त्याला वर्ष होत आलं, तेव्हा यानवाले कागद घेऊन घरी आले. तिच्या खुर्चीत बसले नाहीत, स्टूल ओढून घेतलं. मी चहा ठेवला.

"मिस्त्री, मी तिला मारलं."

साखरेचा चमचा माझ्या हातात तसाच राहिला.

"गोष्टीत हो! नाइलाज झाला. चंद्रावरच्या खाणीची गोष्ट लिहायला घेतो, तिसऱ्या पानावर बाई हजर. मग नुसत्या यंत्रांची लिहिली, औषधालाही माणूस नाही. तर एक यंत्र विचारतं, माझा चष्मा पाहिलात का? मी बोलावत नाही हो तिला. दुसरं काही लिहूच देत नाही."

"तुमच्याकडे येते?"

"रोज."

मला राग आला. वर्षभर मी तिची उशी जागची हलवली नव्हती. झोपताना मुद्दाम तिची बाजू मोकळी ठेवायचो. स्वप्नातसुद्धा फिरकली नाही. आणि या माणसाकडे रोज.

"मी इथे वाटेकडे डोळे लावून बसलोय," मी म्हणालो, "आणि ती तुमच्याकडे चष्मा शोधतेय."

"मग न्या ना तुमच्याकडे!" ते ओरडले, आणि लगेच ओशाळले. "गोष्टीतली एक ओळ तिची असते. आता ती तुमची. ठरलेलं मी मोडणार नाही. वाचा."

मी वाचलं. यानाच्या बाहेर काहीतरी बिघडलेलं असतं. ती कमरेला दोरी बांधून बाहेर जाते. दोरी तुटते. सगळे काचेतून बघत राहतात. शेवटची ओळ होती, 'ती ठिपक्याएवढी झाली आणि मग तो ठिपकाही दिसेनासा झाला.'

चहा निवला. दोरी तुटलीच नाही असं करावं, हे आधी मनात आलं. पण मग ती यानावरच राहणार, म्हणजे यानवाल्यांकडेच. आणि आहे तसं सोडलं तर आम्ही दोघंही तिला मुकणार. मी दुरुस्तीच्या चिठ्ठीपलीकडे आयुष्यात काही लिहिलेलं नाही. शेवटची ओळ खोडली आणि पेन्सिलीने लिहिलं, 'ती ठिपक्याएवढी झाली, कारण ती घरी निघाली होती, चौथ्या मजल्यावर.'

यानवाल्यांनी दोनदा वाचलं. "मिस्त्री, हे विज्ञानात बसत नाही."

"हूं की चूं करायचं नाही."

"चेटकिणीचा नवरा शोभता," ते म्हणाले. हसायला गेले आणि रुमाल शोधू लागले.

गोष्ट छापून आली. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "खाणीची गोष्ट पुरी झाली. आता कोणी चष्मा शोधत नाही." माणूस सुटल्यासारखा बोलेल असं वाटलं होतं. तसं काही नव्हतं. "तुमच्याकडे काही...?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला.

आमच्या इमारतीची लिफ्ट मीच सांभाळतो. कुणी बोलावलं नाही की ती तळमजल्यावर जाऊन उभी राहते. मीच तसं करून ठेवलंय. गोष्ट छापली त्या आठवड्यापासून संध्याकाळी ती रिकामी चौथ्या मजल्यावर येते. दार उघडतं, जरा थांबतं, मिटतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "अहो, लिफ्टवाल्याच्याच दारात लिफ्ट बिघडावी? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

"बघतो, काकू."

बटण चिकटलं असेल, नाहीतर एखादी तार दुसरीला लागत असेल. वर जाऊन पेटी उघडली की कळेल. वरच्या यंत्रखोलीची किल्ली माझ्याच खिशात असते.

मी बघायला जात नाही. संध्याकाळ झाली की घराचं दार उघडं ठेवतो, आणि तिचा चष्मा आत आल्याबरोबर दिसेल असा स्टुलावर ठेवतो.